प्रवेशअर्जाची तिसरी परीक्षा

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका विद्यार्थ्याचे गाऱ्हाणे आले. देशातील अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रवेशपरीक्षेत वरचा क्रमांक मिळवून त्याने पवईच्या आयआयटीत जागा मिळविली होती. परंतु संगणकाच्या पडद्यावरील एका पर्यायाचा अर्थ त्याने चुकीचा लावला. पुढच्या फेऱ्यांत भाग घ्यावयाचा नाही एवढेच आपण कळवीत आहोत, अशा समजुतीने त्याने कळ दाबली आणि मिळालेली जागाच सोडून दिल्याची नोंद झाली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, एका दलित विद्यार्थ्याचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे गेले. त्यालाही पवईलाच जागा मिळाली होती. पण शुल्क भरतेवेळी बँकेच्या कार्डाचा व्यवहार पुरा झाला नाही आणि मुदत टळली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे प्रकरण आले. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलास धनबादच्या आयआयटीत प्रवेश मिळाला होता. १७,५०० रुपये भरण्याची अखेरची वेळ सायंकाळी पाचची होती. पैसे जमेपर्यंत ती निघून गेली.

तिन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने आदेश दिला. त्यांपैकी दोन वेळा त्यासाठी घटनेच्या १४२ व्या कलमाने दिलेला असाधारण अधिकार वापरावा लागला. न्यायालयाच्या माणुसकीबद्दल समाधान वाटणे साहजिक आहे. तथापि त्या समाधानातच एक अस्वस्थ करणारा प्रश्न दडलेला आहे. या तिघांच्या बुद्धीविषयी कोणालाच शंका नव्हती. ते अडले ते अभ्यासात नव्हे. ते अर्ज, मुदत, शुल्क आणि पर्याय यांच्या जाळ्यात अडले. दिल्लीपर्यंत पोचलेले हे तीन होत. तालुक्याच्या गावी सेतू केंद्राच्या दारातूनच परत फिरलेल्यांची गणती कोण करणार?

बारावीच्या विद्यार्थ्यापुढे दोन परीक्षा असतात, असे सामान्यतः मानले जाते. पहिली मंडळाची आणि दुसरी प्रवेशपूर्व, म्हणजे सीईटी, जेईई, नीट किंवा तत्सम. वस्तुतः त्यानंतर आणखी एक परीक्षा असते आणि ती प्रवेशअर्जाची असते. तिला वेळापत्रक आहे, नियमावली आहे, चुकीला शिक्षा आहे. नाही तो केवळ अभ्यासक्रम आणि नाहीत ते शिक्षक. पहिल्या दोन परीक्षांत विद्यार्थ्याची कसोटी लागते; या तिसरीत मात्र बव्हंशी त्याच्या घराची कसोटी लागते. घरात कोणी पदवीधर आहे काय, कचेरीची भाषा कोणास कळते काय, आजोबांचे कागद कोणी जपून ठेवले आहेत काय, यांवर तिचा निकाल ठरतो. गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेत हा प्रकार दुर्लक्षिण्यासारखा नाही.

नियमांमागचा इतिहास

एवढ्यावरून सारी प्रवेशप्रक्रियाच मोडीत काढावी, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. आज जी किचकट वाटते ती व्यवस्था एका मोठ्या अन्यायाला उत्तर म्हणून उभी राहिली आहे, हे विसरता कामा नये. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. परप्रांतात देणग्या मोजून शिकणाऱ्या मराठी मुलांची सोय घराजवळ झाली, हे खरे. पण देणगीही पाठोपाठ घराजवळ आली. १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला, यातच सर्व काही आले. पुढे १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी महाविद्यालयांतील जागांची विनामूल्य व सशुल्क अशी विभागणी करून दोन्ही गुणानुक्रमे भरण्याची योजना घालून दिली. २००२ साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात ती योजना बाजूला सारली गेली. २००५ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात, विनाअनुदान संस्थांची स्वायत्तता मान्य करतानाच प्रवेश न्याय्य, पारदर्शक आणि शोषणमुक्त असलेच पाहिजेत, असे न्यायालयाने बजाविले. त्या पायावर राज्याचा २०१५ चा प्रवेश व शुल्क नियमन कायदा आणि आजचा सीईटी कक्ष उभा आहे.

चाळीस वर्षांपूर्वी प्रवेशासाठी लागे तो एखादा साधा छापील अर्ज, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला. आणि पुष्कळदा चौथी गोष्ट लागे ती ओळखीची. आज संगणकावर लागणारी गुणवत्ता यादी कोणाचा मुलगा, कोणाची चिठ्ठी हे ओळखत नाही. शेतमजुराची मुलगी आणि कारखानदाराचा मुलगा एकाच यादीत, दशांश चिन्हापुढच्या सात आकड्यांनी वेगळे होऊन उभे राहतात. ही समता कमाईची आहे. ती टाकून देण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो यादीच्या दारापर्यंत पोचण्याच्या वाटेचा; आणि ती वाट अद्याप सर्वांना सारखी नाही.

शिवाय ही वाट सारखी बदलतही राहिली आहे. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश २०१४ व २०१५ या दोन वर्षी केंद्राची जेईई परीक्षा व बारावीचे गुण यांच्या आधारे झाले. २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आली. वैद्यकीय शिक्षणासाठी 'नीट' एकदा आली, २०१३ साली न्यायालयात रद्द झाली आणि २०१६ साली परतली. केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशांसाठी २०२२ पासून 'सीयूईटी' ही निराळीच परीक्षा सुरू झाली. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रथम मुंबई परिसरात व पुढे काही मोठ्या शहरांत होता; २०२५ मध्ये तो सर्व राज्याला लागू झाला आणि मे महिन्यात नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ अडल्यामुळे ती काही दिवस पुढे ढकलावी लागली. एकाच घरातील दोन भावंडे चार वर्षांच्या अंतराने बारावी झाली, तर थोरल्याचा अनुभव धाकट्याच्या उपयोगी पडत नाही. मग ज्या घरात थोरले कोणी शिकलेलेच नाही, त्या घराची काय कथा?

कागदांची कसोटी

या तिसऱ्या परीक्षेचा पहिला भाग कागदपत्रांचा. मागासवर्गीय विद्यार्थ्यास जातीचा दाखला पुरत नाही. त्या दाखल्याची पडताळणी झाल्याचे वैधता प्रमाणपत्र लागते. बनावट दाखल्यांवर मागासांच्याच जागा लाटल्या जात असल्यामुळे ही पडताळणी आवश्यक ठरली. १९९४ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली आणि राज्याचा त्यासंबंधीचा २००० चा कायदा त्यानंतरचा. उद्देशाविषयी वाद नाही. परंतु या पडताळणीसाठी अर्जदाराचे कुटुंब विशिष्ट तारखेपूर्वीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७.

या तारखांचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते पाहण्यासारखे आहे. २००८ साली जन्मलेल्या मुलीला आपला पणजोबा १९५० पूर्वी कोठे होता हे कागदाने सिद्ध करावयाचे आहे. ज्या घराण्यात शाळा, सात-बारा किंवा सरकारी नोकरी पूर्वीपासून आहे, त्याला हे कठीण नाही; शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढला, गाव नमुना चौदाची जन्म-मृत्यूची नोंद मिळविली, की काम झाले. पण ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, ज्यांना शाळेच्या ओसरीवरही बसू दिले गेले नाही, ज्यांचा संसार पालांतून आणि तांड्यांतून फिरत राहिला, त्यांनी हा पुरावा आणावा कोठून? भटक्या जमातीला स्थायी वास्तव्याचा पुरावा मागणे, यातील विरोधाभास वेगळा सांगावयास नको. मागासलेपणावर उपाय म्हणून दिलेल्या सवलतीसाठी जो पुरावा लागतो, तो सर्वांत मागासलेल्याकडेच सर्वांत कमी असतो.

परित्यक्ता किंवा एकट्या मातेच्या मुलांची अडचण याहून अवघड. पडताळणी वडिलांच्या बाजूने चालते. आणि वडील तर घर सोडून गेलेले, त्यांच्या भावकीकडून कागद मिळण्याची आशा नाही. आंतरजातीय विवाहातील मुलाची जात केवळ पित्यावरून न ठरविता तो कोणत्या परिस्थितीत वाढला हे पाहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले आहे. रक्ताच्या नात्यातील व्यक्तीला वैधता मिळालेली असेल आणि ती फसवणुकीने मिळविलेली नसेल, तर अर्जदारास पुन्हा आरंभापासून पुरावे मागू नयेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले. परंतु न्यायालयाचा निर्णय निकालपत्रात असणे आणि तो बारावीच्या मुलीला किंवा तिच्या आईला ठाऊक असणे, यांत फार अंतर आहे.

दुसरे उदाहरण उत्पन्नाच्या दाखल्याचे. 'आठ लाख' हा आकडा आज प्रवेशाच्या अनेक नियमांत येतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा होतो. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रासाठी आईवडिलांचे लागोपाठ तीन वर्षांचे उत्पन्न पाहिले जाते. आणि १९९३ च्या मूळ नियमानुसार वेतन व शेती यांचे उत्पन्न त्या कसोटीत मिळवावयाचे नसते. आर्थिक दुर्बल घटकांच्या, म्हणजे २०१९ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या, दहा टक्के जागांसाठी मात्र वेतन, शेती, व्यवसाय असे सर्व उत्पन्न धरले जाते आणि तेही लगतच्या एकाच वर्षाचे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील काही प्रवर्गांच्या मुलींना शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले. तेथेही कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाखच. कनिष्ठ लिपिक म्हणून नोकरीस लागलेल्या इतर मागासवर्गीय गृहस्थाचा पगार वाढत वाढत मर्यादेपलीकडे गेला, की आपल्या मुलास नॉन-क्रिमीलेअर मिळणार नाही, असे समजून तो अर्जच करीत नाही. नियम त्याच्या बाजूने असतो. त्याला तो कोणी सांगितलेला नसतो.

मुदतीचेही असेच. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. दहावीनंतर काढलेला दाखला जपून ठेवलेला असतो. बारावीनंतर तो दाखल करताना कळते, की त्याची मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपली. मग तहसील कचेरीपुढे जून महिन्यात जी रांग लागते तिच्यात उभे राहणे आले. वैधता प्रमाणपत्राच्या बाबतीत, अर्ज केल्याची पावती तूर्त ग्राह्य धरून प्रमाणपत्र नंतर देण्याची सवलत सरकारने अनेकदा दिली आहे. परंतु ती दर वर्षी नव्याने, बहुधा ऐनवेळी आणि आरडाओरड झाल्यानंतर जाहीर होते. ज्या सवलतीची आगाऊ खात्री नसते, तिच्या भरवशावर गरीब कुटुंब निर्णय घेऊ शकत नाही. ते आधीच माघार घेते.

पसंतिक्रमाचे गणित

कागदांच्या कसोटीतून पार पडलेल्या विद्यार्थ्यापुढे दुसरा भाग येतो तो निकाल वाचण्याचा आणि पसंतिक्रम भरण्याचा. सीईटीचा निकाल टक्क्यांत नव्हे, पर्सेंटाइलमध्ये लागतो. कारण परीक्षा अनेक सत्रांत, निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांवर होते आणि सत्रासत्रांतील काठिण्याचा फरक भरून काढावा लागतो. पंच्याऐंशी पर्सेंटाइल म्हणजे पंच्याऐंशी टक्के गुण नव्हेत. परीक्षार्थींपैकी पंच्याऐंशी टक्के आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत आणि पंधरा टक्के पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा, तीन लाख मुले परीक्षेस बसली, तर पंच्याऐंशी पर्सेंटाइलच्या मुलापुढे सुमारे पंचेचाळीस हजार मुले आहेत. वडील पेढे वाटतात आणि महिन्याभराने नामांकित महाविद्यालयाच्या यादीत नाव न दिसल्याने हवालदिल होतात. यात त्यांचा दोष कोणता? शंभरपैकी पंच्याऐंशी म्हणजे विशेष श्रेणी, हाच हिशेब त्यांना शाळेने शिकविला होता.

पसंतिक्रमाविषयी तर गैरसमजांची दाटी आहे. 'मिळण्यासारखे' महाविद्यालय वर लिहावे, नाही तर सारेच हातचे जाईल, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. उमेदवाराची पाळी आली, की त्याने लिहिलेल्या पर्यायांपैकी त्याच्या गुणांवर मिळू शकणारा सर्वांत वरचा पर्याय त्याला दिला जातो. न मिळणारे दहा पर्याय वर लिहिल्याने अकरावा हिरावला जात नाही. तेव्हा खरी आवड असेल त्याच क्रमाने यादी लिहिणे, हाच शहाणपणा. याउलट, भीतीने वर लिहिलेले महाविद्यालय पहिल्याच फेरीत मिळाले, तर नियमानुसार ती जागा गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. ज्याला नियम ठाऊक आहे तो निर्भयपणे मागतो. ज्याला ठाऊक नाही तो आपणहून कमी मागतो. समाजातील विषमता एरवी दिसते ती पगारांत आणि घरांत. येथे ती पसंतीच्या यादीतही उतरते.

याच सुमारास अन्य दारेही ठोठवावयाची असतात. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी मराठीसह तेरा भाषांत देता येते. पण कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते विषय लागतात, हे परीक्षेपूर्वी, अर्ज भरतानाच पाहावे लागते. विषय चुकला, तर गुण कितीही असोत, दार बंद. साताऱ्याच्या किंवा परभणीच्या किती कनिष्ठ महाविद्यालयांत ही माहिती फलकावर लागते? कला शाखेच्या विद्यार्थ्याला तर पुष्कळदा अशी काही परीक्षा आहे, हेच ठाऊक नसते. कारण त्याच्यासाठी जाहिरात करणारी शिकवणी नाही.

माहितीचा बाजार

जेथे सरकार सांगत नाही आणि शाळा शिकवीत नाही, तेथे बाजार शिकवितो. शिकवणी वर्गांनी पहिल्या दोन परीक्षा केव्हाच काबीज केल्या. आता तिसरीसाठीही सल्लागार उभे राहिले आहेत. अर्ज भरून देणे, पसंतिक्रमाची यादी करून देणे, फेऱ्यांच्या काळात सल्ला देणे, यांसाठी शुल्क घेतले जाते. त्यांतील सारेच लबाड असतात असे नव्हे. प्रामाणिकपणे चांगली माहिती देणारेही आहेत. पण सार्वजनिक नियमांचा अर्थ खासगी दुकानात विकत घ्यावा लागणे, ही गोष्टच मुळात लाजिरवाणी आहे. ज्याला ते शुल्क परवडत नाही, तो गावच्या संगणक केंद्रावर जातो. तेथील मुलगा दिवसाला पन्नास अर्ज भरतो. त्याचाच दूरध्वनी क्रमांक आणि त्याचीच ई-मेल त्या अर्जावर चढते. पुढे सूचना येते ती त्याला, विद्यार्थ्याला नव्हे. आणि त्रुटी दुरुस्त करण्याची मुदत उलटून जाते.

यावर काही विचारवंत म्हणतात, की गुणांच्या व कागदांच्या या यांत्रिक पद्धतीऐवजी अमेरिकेप्रमाणे विद्यार्थ्याचे सर्वांगीण व्यक्तिमत्त्व पाहून प्रवेश द्यावेत. तेथे अनेक विद्यापीठांसाठी मिळून एकच सामायिक अर्ज भरण्याची सोय १९७५ पासून आहे. त्यात साडेसहाशे शब्दांपर्यंतचा आत्मपर निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि वर्गाबाहेरील कामगिरीचा तपशील मागितला जातो. कल्पना आकर्षक आहे. मात्र तेथील अनुभव काय सांगतो? सुस्थितीतील पालक निबंध घडवून घेण्यासाठी सल्लागार नेमतात. आणि २०१९ साली तर श्रीमंत पालकांनी पैसे चारून, मुले खेळाडू असल्याचे खोटे भासवून, नामवंत विद्यापीठांत प्रवेश मिळविल्याचे उघडकीस येऊन खटले झाले. येथे दाखला विचारला जातो, तेथे निबंध. पण घरात जाणकार माणूस आहे काय, हा प्रश्न दोन्हीकडे मागच्या दाराने येतोच. ओळखीपाळखीचे प्रस्थ असलेल्या आपल्या समाजात शिफारसपत्राला प्रवेशाचा आधार करणे म्हणजे चाळीस वर्षांत मोठ्या कष्टाने बंद केलेली खिडकी पुन्हा उघडण्यासारखे होईल. गुणवत्ता यादी राहू द्यावी. तिच्यापर्यंतची वाट उजळावी, हाच मार्ग अधिक हिताचा.

शाळेचे काम, शासनाचे काम

ही वाट उजळण्याचे काम प्रथम शाळेचे व कनिष्ठ महाविद्यालयाचे आहे. ही सूचना नवी नाही. माध्यमिक शिक्षणासंबंधीच्या मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्येच विद्यार्थी मार्गदर्शनाचा आग्रह धरला होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर मार्गदर्शन हा शिक्षणाचाच अविभाज्य भाग मानून, निदान दहा शाळांच्या गटासाठी एक फिरता समुपदेशक असावा, अशी अगदी माफक शिफारस केली होती. साठ वर्षे उलटली. आयोगाचा दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध घेतला गेला. त्या आकृतिबंधातील सांधे ओलांडताना मुलाचा हात धरणारा माणूस मात्र घेतला गेला नाही.

शिक्षकांवर आधीच निवडणुका, जनगणना, नाना सर्वेक्षणे यांचा भार आहे, ही तक्रार रास्त आहे. पण हे काम त्या जातीचे नव्हे. नववीपासून दरवर्षी चार तास या विषयाला दिले तरी पुष्कळ होईल. दाखल्यांची यादी, त्यांची मुदत, ते कोठे व कसे मिळतात. पर्सेंटाइल म्हणजे काय. मागील वर्षाच्या याद्या कशा वाचाव्यात. पसंतिक्रमाचा नमुना अर्ज वर्गात भरून पाहणे, एवढा त्याचा अभ्यासक्रम. गणिताच्या शिक्षकाला पर्सेंटाइलसारखे जिवंत उदाहरण दुसरे मिळणार नाही. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला जात वैधतेच्या त्या चार तारखांतून राज्यघटनेचे अर्धे पुस्तक शिकविता येईल.

शाळेच्या कार्यालयातील लिपिकाचे स्थान तर याहून महत्त्वाचे आहे, आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी जनरल रजिस्टरात नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात या रकान्यांत जे लिहिले जाते, तेच बारा वर्षांनी त्या मुलाच्या भवितव्याचा आधार होते. आडनावातील एक वेलांटी, जातीच्या नावाचे घाईत केलेले संक्षिप्त रूप, जन्मगावाऐवजी लिहिलेला तालुका, यांपैकी काहीही पुढे तहसीलदारापुढे, पडताळणी समितीपुढे आणि अखेर उच्च न्यायालयापुढेही उभे राहू शकते. २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे आणि मोडीतील कागद धुंडाळावे लागले, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या अज्ञात कारकुनांच्या लेखणीचे मोल साऱ्या महाराष्ट्राला कळले. आजचा लिपिकही उद्याच्या अशाच पुराव्याचा कर्ता आहे. मुलगा शाळेत शिकत असेतोवर नोंदीतील चूक रीतसर दुरुस्त करून घेणे तुलनेने सोपे असते. शाळा सोडल्यावर ते फार कठीण होते. आठवी-नववीतच प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची नोंद दाखवून पालकांची सही घेण्याची प्रथा पाडली, तर पुढचे अनेक हेलपाटे वाचतील. यासाठी लागेल तो एक रविवार.

शासनाकडूनही काही अपेक्षा रास्त आहेत. पहिली गोष्ट, जे कागद शासनानेच दिलेले आहेत ते विद्यार्थ्याकडून पुनःपुन्हा मागण्याचे कारण नाही. वडिलांची किंवा सख्ख्या बहिणीची जात वैधता समितीच्या दप्तरी असेल, तर मुलाच्या अर्जाशी ती जोडून घेणे समितीचे काम असले पाहिजे. दुसरी गोष्ट, वैधतेचे अर्ज अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयांमार्फत एकत्रितपणे घेऊन बारावीच्या निकालापूर्वी ते निकाली काढण्याचे बंधन समित्यांवर असावे. विद्यार्थ्यावर मुदत आणि समितीवर मात्र मुदत नाही, हा न्याय एकतर्फी आहे. तिसरी गोष्ट, प्रवेशाची माहितीपुस्तिका सोप्या मराठीत, उदाहरणांसह, परीक्षेपूर्वी हाती पडावी. राज्याची सीईटी भौतिक, रसायन, जीवशास्त्र या विषयांपुरती मराठीतून देता येते. पण त्या परीक्षेनंतरच्या वाटेवरील पाट्या मुख्यतः इंग्रजीत आहेत. चौथी गोष्ट, उघड चूक सुधारण्याची आणि अत्यल्प कारणाने हुकलेली मुदत माफ करण्याची सोय प्रक्रियेतच हवी. प्रत्येक जिल्ह्याच्या सुविधा केंद्रावर असा अधिकार असलेला एक अधिकारी असेल, तर एका कळीसाठी किंवा काही तासांच्या उशिरासाठी कोणाला दिल्ली गाठावी लागणार नाही.

अशी सूट दिल्यास शिस्त बिघडेल आणि लांबलेल्या फेऱ्यांनी शैक्षणिक वर्ष कोलमडेल, हा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. लाखो विद्यार्थ्यांची प्रक्रिया मुदतीवाचून चालणार नाही, आणि एकाला दिलेली सूट दुसऱ्याची जागा घेत असेल तर तोही अन्यायच. म्हणूनच सूट कोणत्या कारणासाठी, किती दिवसांत आणि कोणत्या पुराव्यावर, हे नियमांतच लिहून ठेवले पाहिजे. आज सवलत मिळते ती ज्याला वकील मिळतो त्याला. लिखित नियमाने ती ज्याला गरज आहे त्याला मिळेल. शिस्त आणि दया यांत येथे विरोध नाही. विरोध आहे तो नियम आणि नशीब यांत.

विद्यार्थ्यांनी स्वतः काय करावे, हेही सांगावयास हवे. अर्जावर दूरध्वनी क्रमांक व ई-मेल आपलीच असावी. परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती देऊ नये. अर्ज कोणीही भरो, अखेरची कळ दाबण्यापूर्वी प्रत्येक रकाना स्वतः वाचावा. अधिकृत सूचना शेजाऱ्याच्या तोंडून न ऐकता मुळातून पाहावी. दाखल्यांची एक पिशवी दहावीतच करावी आणि प्रत्येक दाखल्याची मुदत कुठे संपते ते तिच्यावर लिहून ठेवावे. आयुष्यातला हा पहिला अर्ज, ज्यावर पालकांच्या नव्हे तर स्वतःच्या सहीने पुढचा मार्ग ठरतो. तो दुसऱ्याकडून भरून घेणे म्हणजे उत्तरपत्रिका दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखेच आहे.

सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या त्या तीन विद्यार्थ्यांना न्याय मिळाला, कारण त्यांचा क्रमांक इतका वरचा होता की अन्याय उघडा दिसला. परंतु ज्या मुलीला शासकीय तंत्रनिकेतनातील किंवा जिल्ह्याच्या परिचर्या महाविद्यालयातील एक साधी जागा हवी होती आणि जी एका मुदत संपलेल्या दाखल्याने हुकली, तिच्यासाठी कोणतेही न्यायपीठ बसत नाही. ती घरी राहते. वर्षभरात तिचे लग्न होते. आणि तिच्या शाळेच्या नोंदीत 'पुढील शिक्षण : नाही' एवढेच लिहिले जाते. ती नापास झाली, असे कोणीच म्हणत नाही. तरीही ती एका परीक्षेत नापास झालेली असते. जी तिला कोणी शिकविलीच नव्हती.